कार्डावरची चौथी ओळ

९ जानेवारी १९६१

डॉक्टरबाईंनी आज नवं काम सांगितलं. वर्षभर वॉर्डातल्या बायकांचे कापसाच्या काडीने आतले स्वॉब घेतले, ते आता बस. त्या सगळ्या ताप नाहीतर रक्तदाब घेऊन आलेल्या. आता घरी असलेल्या, धडधाकट, गरोदर बायका हव्यात. म्हणाल्या, "दुखऱ्या अंगात कोण घुसतं ते सगळेच बघतात, मारुती. न दुखणाऱ्या अंगात कोण राहतं, ते आपल्याकडे कुणी बघितलंय काय?"

बाई बेळगावकडच्या. रागावतात कन्नडात, समजावतात मराठीत.

बोलावण्याची कार्डं मी लिहायची. अक्षर चांगलं म्हणून. एस.एस.एल.सी. दोनदा नापास, पण अक्षराला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही.

१२ जानेवारी

कार्डं सुरू. कन्नडात, काळ्या शाईने. बाईंनी तीन ओळी दिल्या होत्या. नेमल्या दिवशी दहाच्या आत यावे. भिऊ नये, दुखत नाही. आल्यावर नंबर सांगावा, नाव नको. तीन ओळी लिहिल्यावर खाली दोन बोटं जागा उरली, कार्ड बोडकं दिसायला लागलं. चौथी ओळ मी घातली: स्नान करून, स्वच्छ होऊन यावे. देवळाच्या दारावर असते तशी. आता नीट भरलं.

पहिलं कार्ड बाईंना दाखवलं. त्यांना ऑपरेशनला जायचं होतं. उभ्याउभ्या कोपऱ्यात सही केली. "छान आहे रे अक्षर." पहिलं कार्ड नमुना म्हणून माझ्या खणात ठेवलं. बाकीची त्यावरून उतरवली. एकही खाडाखोड नाही.

३० जानेवारी

टोमॅटो. आम्हाला जे जंतू वाढवायचेत त्यांना टोमॅटोचा रस लागतो. रस गाळायचा, थिजायला चायना ग्रास घालून उकळायचा, प्रेशरच्या भांड्यात वाफवायचा, काचेच्या प्लेटींत ओतायचा. थिजला की त्यावर स्वॉब फिरवायचा, जंतू असतील तर उगवतात. बाजारातला टोमॅटोवाला विचारतो, "रोज एवढे? हॉटेल काढलंत की काय अण्णा?"

सरू म्हणते, तुमच्या शर्टाला साराचा वास येतो. म्हटलं, औषधांचं काम आहे. लग्नाला तीन वर्षं झाली, बायकोला अजून माझं काम धड सांगितलेलं नाही. सांगायचं कसं? कुणाचं, कुठून, काय घेतात

राहू दे.

६ फेब्रुवारी

बाईंनी मायक्रोस्कोपखाली पुन्हा दाखवलं. जांभळ्या रंगाचे, लांबट, सरळ, एकापुढे एक पडलेले. "हे राखणदार. जागा आंबट करून ठेवतात, दह्यासारखी. आंबट असलं की बाकीची घाण आत टिकत नाही." विलायती पुस्तकांत तसं आहे. आपल्या बायकांत तसंच असतं का, तेवढंच बघायचं.

वॉर्डातल्या निम्म्याअधिक बायकांत ते होते. वहीत मी लांबड्यांना लां. लिहितो, गोल जंतूंना गो.

मनात आलं ते लिहितो. दोन वर्षांपूर्वी सरूला बाळंतपणात ताप आला. बाळ सहा दिवस होतं. तिच्यात लां. होते का, कुणी बघितलं नव्हतं. तेव्हा हे काम मला माहीतच नव्हतं.

२१ फेब्रुवारी

घरून आलेल्या बायकांच्या प्लेटी आज उघडल्या. बरणीत ठेवून, आत मेणबत्ती लावून झाकण घातलं होतं. मेणबत्ती आपोआप विझते, तेव्हा बरणी नीट बंद झाली म्हणायचं. सगळं बाईंनी शिकवल्याप्रमाणे. प्लेटी मात्र कोऱ्या. एखादा ठिपका. लां. जवळजवळ नाहीत.

माझ्या हातून काय चुकलं? रस जास्त उकळला? उद्यापासून घड्याळ लावून उकळणार.

२४ फेब्रुवारी

घड्याळ लावलं. तरी कोऱ्या.

जुन्या, वॉर्डाच्या एका स्वॉबातून ठेवलेले लां. नव्या प्लेटीवर पसरले. दोन दिवसांत दाट उगवले. म्हणजे खाद्य ठीक आहे. मग?

७ मार्च

बोलणी खाल्ली. नं. ३४. आनेकलची बाई. कार्डावर आलेली नव्हे; वॉर्डातल्या बहिणीला डबा द्यायला पहिल्या बसने आली होती. बाईंनी पोट बघितलं आणि जाता जाता तिचा स्वॉब घेतला. प्लेट आज उघडली तर कडेपर्यंत भरलेली. सगळे लां.

बाई कन्नडात बोलल्या. "एवढ्या कोऱ्या प्लेटींत एकच भरलेली? जंतू मारायला प्लेट आधी भाजली नव्हतीस. नाहीतर जुन्या लां.ना लागलेला हात हिला लागला."

भाजली होती. पण बोललो नाही. रजिस्टरात ३४ वर बाद म्हणून लाल रेघ मारायला लावली. मारली. पट्टी धरून.

१८ मार्च

नं. ४१. दळणाच्या गिरणीतून पिठाच्या हातांनी सरळ आलेली, आमची आया रत्नम्मा हिनेच हाताला धरून आणलेली. कार्ड नाही. प्लेट भरलेली. पुन्हा लाल रेघ. पुन्हा मीच. रत्नम्मा म्हणाली, "अण्णा, तोंड असं का? बाई ओरडतात, मग विसरतात. तू विसरत नाहीस, तेच तुझं दुखणं."

११ एप्रिल

बाईंचं डोकं आता वेगळीकडे चाललंय. टेबलावर बसून मोठ्याने बोलत होत्या, मी प्लेटी पुसत होतो. "वॉर्डात लां. होते कारण त्या आजारी होत्या. निरोगी बायकांत ते नाहीत. म्हणजे आपल्याकडे निरोगी म्हणजे जवळजवळ रिकामं. पुस्तकं त्यांच्या बायकांवर लिहिलेली आहेत, आपल्या नव्हे." चेहरा उजळला होता. बाईंना इतकं आनंदात मी बघितलं नव्हतं. मला म्हणाल्या, "तुझ्या टोमॅटोंचं नाव घालते बघ निबंधात."

लाजलो. घरी येताना गुणगुणत होतो. सरूने विचारलं, बढती?

२७ एप्रिल

निबंध गेला. मद्रासला डॉक्टरांची परिषद आहे, ९ जूनला बाई तिथे वाचणार.

हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनीही वाचला. त्यांचं म्हणणं, निरोगी म्हणजे रिकामं, तर मग बाळंतपणाला येणारी प्रत्येक बाई आधी आठवडाभर औषधाच्या पाण्याने आतून धुवून काढावी. १५ जूनपासून हुकूम. ते औषधाचं लाल पाणी करायचं काम माझ्याकडे. बाई म्हणाल्या, "एवढं काही मी लिहिलं नाही." पण साहेबांना म्हणाल्या नाहीत.

१ मे

बाईंनी विचारलं, "तुझी बायको पाचव्यात ना? तिलाही कार्ड दे. पहिलं गेलंय तिचं, नीट बघू." घरी येऊन कार्ड दिलं. नं. ७१. तेव्हा तिला काम काय ते सांगावंच लागलं. अंगणाकडे बघत सांगितलं. ती पदर दातात धरून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे त्या प्लेटी तुम्ही बघता? सगळ्यांच्या?"

"नंबर बघतो."

"७१ तुम्ही नका बघू."

सरी, म्हटलं. नाही बघणार.

४ मे

अक्षर आज बिघडेल. तरी लिहितो.

आज लवकर सुटलो. स्वयंपाकघरात पातेल्यात कडुलिंबाचा पाला आणि तुरटी उकळत होती. विचारलं, हे कशाला?

"उद्याला."

"उद्याला काय?"

"दवाखान्यात नाही का जायचं? मंगळवारपासून करतेय."

"अंघोळीला?"

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. "आता सगळं सांगायला लावता का? बाई काय अंघोळ बघायला बोलावतात? आतून धुवायला नको? तुम्हीच लिहिलंय की स्वच्छ होऊन या म्हणून. नळावर रत्नम्माक्काला विचारलं, तीही तेच म्हणाली. तीन दिवस तुरटीने धू म्हणाली, सगळ्या तसंच करून येतात."

सगळ्या.

मी ओट्यापाशी उभा राहिलो. पाणी उकळून पातेल्याच्या बाहेर आलं, चूल विझली, तरी मला कळलं नाही. सरू म्हणाली, "काय झालं? स्वल्प बसा तरी." बसलो.

तिला अडवायला हवं होतं. अडवलं नाही. अडवलं तर कारण सांगावं लागेल, आणि कारण सांगितलं तर ते खरं होईल, असं काहीतरी डोक्यात.

५ मे

सरू जाऊन आली. धुवून.

रत्नम्माला जिन्याखाली गाठलं. ती आधी हसली. "होय की अण्णा. कार्ड घेऊन येतात, विचारतात, यात काय लिहिलंय. मी म्हणते, स्वच्छ होऊन ये म्हणून लिहिलंय. कसं स्वच्छ, विचारतात. माझ्या आईने मला जे सांगितलं तेच सांगते. तुरटी, कडुलिंब, तीन दिवस. बिचाऱ्या. डॉक्टरबाईंपुढे झोपायचं म्हणजे लाज असते की नाही? तुम्ही पुरुष. तुम्हाला काय." मग माझा चेहरा बघून, "चुकलं का काही?"

म्हटलं, नाही अक्का. तुझं नाही.

८ मे

७१ मी बघितली नाही, बाईंनी बघितली. रजिस्टरात त्यांच्या हातची नोंद: वाढ नाही.

लाल रेघेच्या नोंदी काढल्या. ३४, ४१, आणि एप्रिलमधली ५६, ती पोलिसाची बायको जी दुसऱ्याच कामाला आली होती. तिघींकडे कार्ड नव्हतं, वॉर्डातल्यांकडेही नव्हतं. तिघींच्या प्लेटी भरलेल्या. ज्या तीन नोंदींवर मी पट्टी धरून रेघ मारली तेवढ्याच खऱ्या होत्या. बाकी साठावर नोंदी माझ्या एका ओळीच्या.

जागा उरली होती म्हणून लिहिली. दुसरं काही कारण नाही. शोधलं, सापडलं नाही.

११ मे

पण नक्की तेच आहे का? मी एस.एस.एल.सी. नापास माणूस. बाई सोळा वर्षं शिकलेल्या. माझ्या मनाच्या भीतीवर त्यांचा निबंध कसा मोडायचा? पुरावा पाहिजे.

पुरावा एकाच ठिकाणी मागता येईल.

१४ मे

सरूला सांगितलं, शुक्रवारी पुन्हा जा. मी बाईंना सांगतो, पुन्हा बघायचं आहे म्हणून. पण आता काही धुवायचं नाही. आजपासून काही नाही. साधी अंघोळ.

"तशीच जाऊ?"

"तशीच."

"बाई काय म्हणतील? मारुतीची बायको ही अशी?"

"काही म्हणणार नाहीत."

"तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही कधी तिथे झोपलात?" मग रडली. मग डोळे पुसून विचारलं, "बाळासाठी आहे का हे?" मला खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, "आपल्या बाळासाठीही आहे. आणि माझ्या एका चुकीसाठीही."  तिने तुरटीचा खडा कोनाड्यातून काढून माझ्या हातात दिला. "मग हा तुमच्याकडेच ठेवा."

१९ मे

सरू दहाला आली. बाईंनी स्वॉब घेतला, स्लाइड रंगवायला माझ्याकडे दिली आणि राउंडला गेल्या. मी वचन दिलं होतं, ७१ बघणार नाही.

बघितली.

जांभळा रंग, आयोडीन, स्पिरिट, लाल रंग, पाणी, टिपकागद. हात आपोआप चालतात. मग डोळा लावला.

लां. लां. लां. काच सरकवली, तिकडेही. एकाला एक टेकून, काही जोडीने, काही रांगेत. गो. शोधूनही दिसेना. सगळीकडे राखण बसलेली. पंधरा दिवसांपूर्वी आम्ही हे सगळं उकळलेल्या तुरटीने धुवून, वर 'वाढ नाही' लिहिलं होतं.

किती वेळ बघत होतो कोण जाणे. ती बाहेर बाकावर बसली होती. बाहेर गेल्यावर तिने माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं. "बघितलंत ना?"

"हो."

"काय होतं?"

"चांगलं होतं. खूप चांगलं होतं, सरू."

तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. राजाजीनगरच्या बसपर्यंत बरोबर चालत गेलो. बसमध्ये चढताना म्हणाली, "मग सांगा बाईंना."

२२ मे

प्लेटही भरली. बाईंनी बघितली. मी बाजूला उभा. म्हणाल्या, "तुझ्याच बायकोची प्लेट खराब केलीस होय?" आणि हसल्या. लाल रेघ मारायला सांगितलं.

रेघ मारली नाही. "मारतो" म्हणालो.

२४ मे

सांगायला गेलो. साहेब बसले होते. परत आलो.

२९ मे

सांगायला गेलो. बाई मद्रासला नेसायची साडी रत्नम्माला दाखवत होत्या. बाईंना घरी दाखवायला कुणी नाही. "मारुती, तू सांग, ही की ती?" निळी, म्हटलं. परत आलो.

२ जून

लाल पाण्याचे मोठे बुधले आले. पंधरा तारखेची तयारी. धुवून, सुकवून, ओळीने लावून ठेवले. प्रत्येकावर चिठ्ठी माझ्या अक्षरात.

बाकावर बायका बसल्या होत्या. पाचव्यातल्या, सातव्यातल्या. एक चिंच खात होती. या सगळ्यांचे राखणदार आम्ही बुधल्या-बुधल्याने घालवणार, आणि चिठ्ठ्या सुबक.

सरूही माझ्याच हॉस्पिटलच्या यादीत आहे. तिचा नंबर लागेल तेव्हा तिलाही तेच पाणी.

५ जून

सरू: "सांगितलंत?"

"नाही."

"नोकरी जाईल म्हणून?"

"नोकरी जाईल. बाईंचं नाव जाईल. सगळे हसतील की एका अटेंडरने चार शब्द जास्त लिहिले आणि बाईंना पाच महिने कळलं नाही."

तिने भाकरी उलटली. "आणि तुमच्या अक्षराचं नाव?"

 तिला बरोबर ठाऊक आहे.

७ जून, सकाळ

आज सांगणार. बाई उद्या रात्रीच्या मेलने जातात.

७ जून, दुपार

सांगितलं.

उभ्याने सांगितलं, क्रमाने. चौथी ओळ. तुरटी. तीन लाल रेघा. सरूचे दोन स्वॉब. आधी पाठ केलं होतं म्हणून अडखळलो नाही.  बाई खिडकीत बसलेल्या, मांडीवर निबंधाची प्रत.

मग विचारलं, "कार्ड आहे?"

खणातलं पहिलं, नमुन्याचं कार्ड आणून दिलं. त्यांनी चारही ओळी वाचल्या. पहिल्यांदाच वाचल्या. मग अंगठा कोपऱ्यावर ठेवला. तिथे त्यांची सही.

"ही माझीच ना?"

"तुम्ही घाईत होता, बाई."

"घाईत मी रोजच असते." मग, कन्नडात नाही, मराठीतच: "रत्नम्माला ठाऊक, तुझ्या बायकोला ठाऊक, वीस गल्ल्यांतल्या बायकांना ठाऊक. मी एकदाही विचारलं नाही, काय करून आलीस म्हणून. नाव नको, नंबर सांगा, हे मीच शिकवलं." प्रत उलटी ठेवली. "साहेब म्हणतील, एवढ्यासाठी थांबायचं? परिषद म्हणेल, मग इथे आलातच कशाला?"

मी म्हटलं, मला काढा, बाई. लिहा की अटेंडरची चूक.

"गप्प बस जरा." मग, "कार्डं नक्की कुठल्या तारखेपासून वाटली? कुणाला मिळालं, कुणाला नाही? रजिस्टरात तसं काही नाही."

"माझ्या वहीत आहे."

"कुठली वही?"

"घरची. रोज लिहितो. तारीखवार."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "आण. उद्या पाचपर्यंत मी इथे आहे. मग वाचायचं की माघारी घ्यायचं, ते ठरवते."

८ जून

तीनची बस चुकली, चारची धरणार आहे. तोवर शेवटचं लिहून ठेवतो.

बाईंना तारखा पाहिजेत. तारखांच्या आजूबाजूला काय काय आहे ते आज पुन्हा वाचलं. निळी साडी. त्यांच्या घरी कुणी नाही, ते. रागावतात कन्नडात. बाळाचे सहा दिवस. सरू भिंतीकडे तोंड करून बोलली ते. आणि १९ मे.

ते एक पान देऊ नये असं वाटलं. ते सरूचं आहे. तिला विचारलं, ती म्हणाली, "तुम्ही ठरवा. बघितलंत तेव्हा कुठे विचारलंत?"

फाडायला घेतलं. वही मधोमध दोऱ्याने शिवलेली. १९ मेचं पान ओढलं तर पुढून दुसरं एक पान सुटायला लागलं. बघितलं, ते १२ जानेवारीचं. दोन्ही एकाच कागदाची. एक गेलं तर दुसरं राहत नाही, आणि १२ जानेवारी नसेल तर बाईंना पाहिजे ते काहीच उरत नाही.

सरूने सुई-दोरा आणला. दोन टाके घातले. आता घट्ट आहे.

मद्रासची मेल रात्री. बुधले ओळीने लावलेले तसेच आहेत. बाईंनी निळी साडी ट्रंकेत भरली असेल की नाही ठाऊक नाही. वही वर्तमानपत्रात गुंडाळायला नको म्हणते सरू, शाई लागते. तिच्या पदराच्या फडक्यात बांधून दिली होती, ती थांब्यावर सोडून हे लिहितोय

बस आली.